वस्तऱ्याची धार

नगर जिल्ह्यात हत्याराला धार लावणे ही कोणास मुद्दाम शिकवावी लागणारी गोष्ट नाही. पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार कोयत्यावर कानस फिरवतो, खुरपणीला निघालेली बाई बांधावरच्या दगडावर खुरपे घासून घेते, आणि विळा बोथट झाला म्हणून कोणी गुरू शोधीत बसत नाही. म्हणूनच वाडवडिलांच्या पेटीतून एखादा उघडा वस्तरा हाती आला म्हणजे तोही याच कुळातला एक जिन्नस असून याच रीतीने वठणीवर येईल, असा समज बिनदिक्कत करून घेतला जातो. या समजापायी चांगला वस्तरा कायमचा कामातून जातो, हे माझ्या घरीच घडलेले आहे. आणि जे हे काम नव्याने शिकू इच्छितात त्यांच्यावर तो प्रसंग येऊ नये, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

माझ्या चुलत्यांच्या पश्चात त्यांचा वस्तरा आमच्या घरी आला. जर्मनीतील सोलिंगेन शहरी घडलेला, दोन्ही अंगांनी आत कोरून पाते पातळ केलेला असा तो होता. मी परगावी असताना घरच्या मंडळींनी तो सुऱ्या-कात्र्यांबरोबर एका फिरत्या धारवाल्यापुढे ठेवला, आणि त्याने सायकल उभी करून, पेडल मारीत, कुरुंदाच्या चाकावर त्याची धार काढून दिली. परतल्यावर पाहतो तो धारेलगत दोन बोटे लांबीची निळी झाक उमटलेली! पाणी दिलेले पोलाद फार ठिसूळ असते, म्हणून वस्तऱ्याचे पोलाद त्यानंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात, पण काठिण्य बहुतांशी राखतात. निळा रंग ही ते सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याची निखालस साक्ष होय. तेवढ्या भागाचे काठिण्य कायमचे गेले, आणि पुढे कोणत्याही दगडावर कितीही घासले तरी तेथील धार एका दाढीपुरतीही टिकेना. चाक सुऱ्या-कात्र्यांच्या कामाचेच. वस्तरा त्यावर कदापि धरू नये.

त्यानंतर दुसरा वस्तरा मिळवून मी हे काम शेवगाव तालुक्यातील एका वृद्ध नाभिक कारागिराकडे रीतसर शिकलो. वस्तऱ्याची सारी मेख त्याच्या पाठीत असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साधारण साडेतीन ते चार पट असते. त्यामुळे पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, टेकवली असता १४ ते १७ अंशांचा कोन आपोआप साधतो, आणि तो हाताने साधण्याची तसदी घ्यावी लागत नाही. नवशिक्याची जी हानी होते ती बहुधा धार लवकर यावी म्हणून पाठ किंचित उचलण्याच्या मोहातून होते. पाठ दगडावरून उचलायची नाही, आणि बाजू पालटतानाही पाते पाठीवरच वळवायचे, हा नियम निरपवाद आहे.

निसण्याची निवड करताना आपल्या मुलखातील काळा पाषाण बाजूस ठेवावा. दख्खनच्या या खडकाचा कण सर्वत्र सारखा नसतो, त्याच्या पोकळ्यांत गारगोटीसारख्या कठीण द्रव्यांचे स्फटिक भरलेले असतात, आणि असा एक स्फटिक वस्तऱ्याच्या काठाला दाते पाडण्यास पुरेसा होतो. बाजारात मिळणारे, दाण्याचा क्रमांक छापलेले निसणे घ्यावेत: प्रथम १०००, मग ४००० किंवा ५०००, शेवटी ८००० किंवा १२०००. नवा निसणाही सपाट असेलच असे नाही. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, जाड काचेवर ओला पॉलिशपेपर पसरून त्यावर तो घासावा, आणि सगळ्या रेघा पुसल्या गेल्या म्हणजेच तो सपाट झाल्याची खातरजमा झाली असे समजावे.

खरे काम १००० क्रमांकावरच होते, आणि तेथेच लोकांचा धीर सुटतो. दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत येऊन भिडल्यावाचून पुढच्या गुळगुळीत दगडावर तासन्‌तास घालवले तरी बोथट काठ चकचकीत होण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. उतार भिडले की नाही हे पाहण्यास काठावर दोन्ही बाजूंनी मार्करची शाई लावावी व निसण्यावर हलके चार-सहा हात द्यावेत. शाई अगदी काठापर्यंत पुसली गेली तर ठीक. काठाला काळी रेघ उरली तर दगड तेथवर पोचलेलाच नाही. शेवटी मनगटावरची लव पात्याच्या टोकापासून टाचेपर्यंत सारखी निघाली पाहिजे. ती जोवर निघत नाही तोवर दगड बदलू नये.

दाबाविषयी त्या वृद्धाचे शब्द मी तसेच देतो. "मास्तर, हात हलका ठेवा. पातं पातळ हाय, दाबलं की वाकतंय आन् धार दगडावरनं उचलतीया." त्याच्या हाती पाते निसण्यावरून सरके तेव्हा धारेपुढे पाण्याची बारीक लाट चाले आणि आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा येई; माझ्या हाती तो मध्येच खरखरे, आणि तेवढ्यावरून, डोळे मिटलेले असतानाही, तो सांगे की टाचेकडे जोर पडला.

दगडावर धार पुढे असते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. यात उलटापालट झाली तर पट्टा चिरतो. पट्टा ताणून धरावा, कारण तो सैल पडला की काठ गोल होतो. काम संपल्यावर पाते पुसून कोरडे करावे व तेलाचे बोट फिरवावे. आपल्याकडील बोअरचे क्षारयुक्त पाणी काठावर वाळले तर गंजाचे टिंब उठण्यास एक रात्रही पुरते. आणि आपला वस्तरा दुसऱ्याच्या गालाला लावू नये. एचआयव्ही व कावीळ 'ब' रक्तावाटे पसरतात, याच भयाने दुकानांतून जुना वस्तरा हद्दपार झाला व त्याची जागा फेकून देण्याच्या पात्याने घेतली. हा बदल योग्यच होय.

परंतु त्या बदलाबरोबर निसण्यावर बसणारे हातही निवृत्त झाले. बलुत्यापोटी खळ्यावरचे धान्य घेऊन गावाची सेवा करणाऱ्या नाभिक समाजाच्या विद्येची इभ्रत गावाने पुरेशी राखली नाही, असे मला वाटते. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावण्याचे नाकारले, तो नैतिक निर्धारही याच हातांचा होता. तालुक्याच्या गावी चौकशी केली तर सत्तरीपुढचा एखादा कारागीर अद्याप भेटतो. तेव्हा शिकू इच्छिणाऱ्यांना माझी विनंती आहे की, निसण्यांवर पैसा घालण्यापूर्वी अशा माणसाला गाठावे, त्याचा मेहनताना त्याच्या हाती रोख ठेवावा, आणि आरंभीचे दिवस त्याच्या देखरेखीखालीच पाते दगडावर टेकवावे.