कुकी फाईल ‘कन्व्हर्ट’ करून घेताना

पोर्टल बंद होणार असल्याची नोटीस आली तेव्हा आमच्या संस्थेची सगळी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं तिथेच पडून होती. व्याख्यानं आमची, उतरवून घ्यायला लेखी परवानगीही होती. अडचण एकच: लॉगिन ओटीपीवर चालायचं, आणि रात्रभर चालणाऱ्या स्क्रिप्टला ओटीपी कोण देणार? म्हणून क्रोममधल्या कुकीज काढून स्क्रिप्टला पुरवायच्या ठरल्या. एक्स्टेन्शनमधून मी जेसन फाईल काढली. स्क्रिप्टला मात्र नेटस्केप पद्धतीची टेक्स्ट फाईल हवी होती. तेवढ्या कामासाठी बाहेरचे एक गृहस्थ पैसे मोजून नेमले, आणि काम आमच्याच ऑफिसातल्या मशीनवर करायचं, असं मेलमध्ये स्पष्ट लिहून दिलं.

फाईल आली, स्क्रिप्ट चालली, एकही एरर नाही. सकाळी फोल्डर व्हिडिओंनी भरलेला. पण प्रत्येक फाईल सारख्याच आकाराची, अवघ्या काही केबींची. एक नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तर आत व्याख्यान नव्हतं, ‘मोबाइल नंबर टाका’ असं सांगणारं लॉगिनचं पान होतं. शंभर नावांखाली तेच एक पान.

कळवल्यावर उत्तर आलं, “मॅडम, कॅशे क्लिअर करा.” मग, “परत लॉगिन करून नवीन फाईल पाठवा.” तीही पाठवली. मग, “आमच्याकडून ओके आहे, साइटच गंडलीय.” त्याच लॉगिनने ब्राउझरमध्ये व्हिडिओ व्यवस्थित दिसतात, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते. समोरून ऐकून घ्यायचीच तयारी नव्हती. बोलण्याचा सूर असा, की यांना यातलं काय कळणार. पोर्टल बंद व्हायची तारीख जवळ येत होती ती आमच्यासाठी, त्यांना त्याचं काही नव्हतं.

शेवटी माझी जेसन आणि त्यांची टेक्स्ट, अशा दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या आणि एकेक नाव जुळवत गेले. भाषेची कुकी होती. जाहिरातींची होती. ‘आम्ही कुकीज वापरतो’ या पट्टीवर होकार दिल्याचीसुद्धा होती. त्यांच्या फाइलीत नव्हती ती फक्त सेशनची. जिच्यावर लॉगिन टिकून असतं, तेवढी एकच गायब. सामान सगळं गाडीत चढलं आणि ज्याला जायचं तो माणूसच फलाटावर राहिला.

कारण शोधलं ते असं. नेटस्केप पद्धतीत कुकीची एक ओळ, तिच्यात टॅबने वेगळे केलेले सात रकाने: डोमेन, ते सबडोमेनला लागू आहे का, पाथ, सिक्युअर आहे का, मुदत, नाव आणि व्हॅल्यू. ही पद्धत नव्वदच्या दशकातली. पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येऊ नये म्हणून लावतात ती ‘एचटीटीपीओन्ली’ खूण नंतर आली, तिला यात रकानाच नाही. म्हणून कर्लसारखी साधनं अशा ओळीच्या सुरुवातीलाच हॅशचं चिन्ह देऊन ‘एचटीटीपीओन्ली’ आणि अंडरस्कोर जोडतात. एरवी या फाइलीत हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे शेरा. या गृहस्थांच्या स्क्रिप्टने ‘साफसफाई’ म्हणून हॅशच्या सगळ्या ओळी उडवल्या होत्या. आणि बहुतेक साइट ही खूण नेमकी लॉगिनच्याच कुकीला लावतात.

हे दाखवल्यावरही पहिलं उत्तर “ते कमेंट असतं, मॅडम” हेच. मी ती गाळलेली ओळ जशीच्या तशी समोर धरली. त्यानंतर काही न बोलता ‘अपडेटेड’ नावाची फाईल आली. चुकलं म्हणून एक शब्द नाही.

खरा संताप पुढेच आला. खोदून विचारल्यावर कळलं, की ‘चेक करायला’ त्यांनी आमची फाईल इंटरनेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमध्ये पेस्ट केली होती. चालू सेशनची कुकी ज्याच्या हातात, त्याला बहुतेक ठिकाणी पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. आमच्या शिक्षकांचे नंबर, विद्यार्थ्यांच्या याद्या, सगळं त्या लॉगिनमागे होतं. मी ताबडतोब ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ केलं आणि नव्याने लॉगिन करून उरलेलं रूपांतर स्वतः केलं.

म्हणून ज्यांना हे काम करायचं आहे त्यांना सांगते. ते आपल्याच मशीनवर करा, पायथॉनच्या दहा-वीस ओळी पुरतात. मात्र पायथॉन ३.१० च्या आधीचं असेल तर त्यातली नेटस्केप फाईल वाचणारी सोयसुद्धा या हॅशच्या ओळी शेरा समजून सोडून देते. मुदत नसलेल्या सेशन कुकीजच्या मुदतीच्या रकान्यात शून्य लिहिलेलं असतं, तेही पायथॉन ‘मुदत संपली’ असं धरून टाकून देतं. फाईल लोड करतानाच मुदत आणि सेशन या दोन्ही अटी दुर्लक्षित करायला सांगावं लागतं, आणि लोड झाल्यावर मुदतीतलं ते शून्यही काढून टाकावं लागतं, नाहीतर पाठवताना ती कुकी पुन्हा गळते.

क्रोमच्या डेटाबेसमधून थेट काढत असाल तर तिथला वेळ १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत असतो. दहा लाखांनी भागून ११६४४४७३६०० वजा केल्यावर नेहमीचे, १९७० पासूनचे सेकंद मिळतात. आणि एक्सेलमध्ये हे काही उघडू नका. तो आकडा १७ अंकी आहे, एक्सेल १५ अंकच धरून ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. काही एडिटर टॅबच्या जागी स्पेस घालतात, मग सात रकाने उरतच नाहीत.

ओळी मोजून समाधान मानू नका, सेशनच्या कुकीचं नाव शोधा. रात्रभराचं काम लावण्याआधी एकच पान उतरवून उघडून बघा. कुणालाही काम देताना सगळं लेखी ठेवा, आणि काम झालं की लॉगआउट करा. नुसती फाईल डिलीट करून भागत नाही, कारण दुसरीकडे गेलेली प्रत चालूच राहते.

त्या गृहस्थांचं बिल आलं आहे. त्यात ‘री-कन्व्हर्जन’ची वेगळी रक्कम लावली आहे. मी ती अडवून ठेवली असून, फाईल कुठल्या साइटवर टाकली ते लेखी दिल्याशिवाय बाकीचेही पैसे सुटणार नाहीत, असं कळवलं आहे.