आधी उजेड बघ

कोल्हापूर

चि. सायली हिस,


कॅमेरा कोणता घेऊ, असं विचारलंस. ताईचा जुना डीएसएलआर कपाटात पडून आहे, त्याची बॅटरी बदल आणि कामाला लाग. खरेदीचं पुढं बघू. चांगल्या जागांची यादी मात्र देणार नाही. तू आधी उजेड बघायला शिकावंस, एवढंच मला मनापासून वाटतं.

आपल्या आबालाल रहिमानांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हीच ठिकाणं पुन्हा पुन्हा रंगवली. जागा तीच, बदलायचा तो प्रहर. तूही महिनाभर रंकाळ्यावर संध्यामठासमोरची एकच जागा धर. पहाटे जा, भर दुपारी जा, दिवेलागणीला जा. दुपारचे फोटो वाईट येतील, तरी काढच; का वाईट आले हे समजलं पाहिजे.

नोव्हेंबरात ९ ते ११ तारखेला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचावीत अशी ती रचना. ढग किंवा धुकं आडवं आलं तर ती वाटेतच विरतात. तिथं कॅमेरा नको. नुसती उभी राहा आणि उजेड कसा सरकतो, त्याचा रंग कसा उतरतो, ते बघ.

मग गुऱ्हाळावर जा. काळवंडलेलं घर आणि काहिलीतून उठणारी पांढरी वाफ! कॅमेरा अंधाराला भुलून सगळं उजळ करतो नि वाफेचा नुसता पांढरा डाग होतो. एक्स्पोजर उणे एकवर आण, मग वाफेचे पदर दिसायला लागतील. तालमीत अडचण वेगळी. उजेड कमी आणि पैलवान चपळ. अंगावरून उडालेली माती हवेत थांबवायची तर शटर १/५०० च्या आसपास लागेल. लेन्सचं तोंड पूर्ण उघड, आयएसओ वाढव. फोटोत दाणे येतील, येऊ देत. हललेल्या फोटोपेक्षा ते बरे. आणि हौद्याजवळ जाण्याआधी वस्तादांना विचार. पहिल्या दिवशी कॅमेरा न काढता बसलीस तर फार बरं. पोरं तुझ्याकडं बघायची थांबली, की खरी कुस्ती दिसते. जोतिबाच्या यात्रेत मात्र गुलालात लेन्स बदलू नकोस, आतला सेन्सर खराब होईल.

बाबूराव पेंटरांविषयी तुला शाळेत कुणी सांगितलंय का, कोण जाणे. नाटकांचे पडदे रंगवणारे ते आणि आनंदराव पेंटर सिनेमाच्या नादानं झपाटले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. सहकारी दामल्यांना हाताशी धरून त्यांनी याच गावात चलचित्राचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. यंत्र हाती येण्याआधी त्यांची नजर कुंचल्यानं तयार झाली होती. म्हणून म्हणतो, रोज थोडी रेखाटनं कर. चित्र बिघडलं तरी चालेल. सावली कुठून सुरू होते, हे हाताला कळतं.

दर रविवारी पाच फोटो पाठव, त्यांवर फिल्टर लावू नकोस. प्रत्येकाखाली वेळ आणि उजेड कुठल्या बाजूनं होता ते लिही. एक फोटो मी छापून घेईन आणि आपण त्यावर बोलू.

तुझा,
आबामामा