आमदार व्हायचंय? आधी पोटापाण्याचं बघा

मुलीने किंवा मुलाने ‘मला आमदार व्हायचंय’ म्हटलं की घरातले एक तर हसतात, नाहीतर वडील म्हणतात, ‘आपल्याकडे कुठे आहेत तेवढे पैसे?’ वडिलांचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, आणि ती कितपत पाळली जाते हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

कायद्याने मात्र दार सताड उघडं आहे. वय २५ पूर्ण, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव आणि १० हजार रुपये अनामत. अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. शिक्षणाची अट नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. २०२४ मध्ये २८८ जागांसाठी चार हजारांहून जास्त उमेदवार उभे होते. किती जणांचे पैसे बुडाले असतील, याचा अंदाज करा.

म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं असं की, आमदारकीला नोकरी समजू नका. मानधन आहे, भत्ते आहेत, माजी आमदाराला निवृत्तीवेतनही आहे. पण मुदत फार तर पाच वर्षांची, आणि पुढची पाच मिळतील की नाही हे आधी पक्ष ठरवतो, मग मतदार. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, पण १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांनाही घरी बसावं लागलं. तेव्हा पोरीला वकिली करू दे, शेती, दुकान, शिकवणी, काहीही करू दे. ज्याची चूल स्वतःच्या कमाईवर पेटते, तो नेत्याला ‘नाही’ म्हणू शकतो. एक खबरदारी घ्यावी: सरकारी कामाचं चालू कंत्राट स्वतःच्या नावावर असेल तर उमेदवारी बाद होऊ शकते. सरकारी नोकरीत असाल तर आधी राजीनामा.

आता कामाचं. सकाळी सात वाजता आमदाराच्या दारात माणसं उभी असतात. कुणाची डीपी जळालेली, कुणाला ससूनमध्ये खाट हवी, कुणाचा जातीचा दाखला अडलेला, कुणी लग्नपत्रिका घेऊन आलेला. दुपारी दहाव्याला हजेरी, रात्री वरातीत. यातलं बहुतेक काम खरं तर तलाठ्याचं, वायरमनचं, तहसीलदाराचं. ते तिथे होत नाही म्हणून लोक आमदाराकडे येतात. ज्याला माणसांचा कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाऊच नये.

पण आमदार ज्यासाठी निवडला जातो ते काम सभागृहात असतं, आणि त्याची तयारी फारच थोडे करतात. विधानमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी मिळवून मुलांना वाचायला द्या. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला: अमुक गावातील नळपाणी योजना अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय? त्यावर मंत्र्यांचं उत्तर येतं, ‘हे अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्या ‘अंशतः’मध्ये नेमकं काय दडलंय ते उपप्रश्न विचारून बाहेर काढणं, हे कसब. त्यासाठी आकडे पाठ लागतात, खात्याचे शासन निर्णय वाचलेले लागतात. लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा ही हत्यारं नुसती नावं ऐकून चालवता येत नाहीत. (मतदानाच्या वेळी पक्षाचा व्हिप असतो, तिथे हुशारी फारशी कामाला येत नाही.)

हे शिकण्याची जागा म्हणजे ग्रामसभा, नगरपालिका, जिल्हा परिषद. आर. आर. पाटील १९९० मध्ये आमदार झाले, त्याआधी जवळपास ११ वर्षं ते सांगली जिल्हा परिषदेत होते. मुलींसाठी तर स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव आहेत. सरपंच बाई आणि कारभारी नवरा, हा प्रकार आपल्या घरातून होणार नाही एवढं पालकांनी पाहावं.

निवडणूक न लढवताही या क्षेत्रात पोट भरता येतं. आमदाराला चांगला स्वीय सहायक लागतो, प्रश्न तयार करून देणारा अभ्यासक लागतो. विधिमंडळ सचिवालयात नोकऱ्या आहेत, वृत्तपत्रांना अधिवेशनाचं वार्तांकन करणारे हवे असतात. पुढे उभं राहायचं असेल तर हिवाळी अधिवेशनात नागपूरला फायली घेऊन धावलेली ही मुलं नवख्यांपेक्षा कितीतरी पुढे असतात.

विद्यार्थ्यांनी मोर्चे जरूर काढावेत, पण दगडाला हात लावू नये. प्रलंबित गुन्हे उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात लिहावे लागतात आणि ते कुणालाही वाचता येतं. बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, तर सुटकेनंतरही सहा वर्षं अपात्रता. आणि लग्नानंतरचा एक मुद्दा, जो करिअरच्या शिबिरात कुणी सांगत नाही: महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद लढवता येत नाही. विधानसभेला तशी अट नाही. ग्रामपंचायतीला २१ वर्षं पुरतात, तेव्हा वॉर्डाची मतदारयादी आत्ताच उघडायला हरकत नाही.