मनाला बोल लावण्याआधी

चि. ओंकारास,


परवा वहिनीचा फोन आला होता. वाचलेलं डोक्यात राहत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, कारण नसताना चिडचिड होते आणि ‘माझ्यात दमच नाही’ असं तू म्हणतोस, हे तिनं सांगितलं. दम आहे की नाही ते नंतर पाहू. माझी सगळी नोकरी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून झाली, त्यामुळे मी तिला आधी तुझ्या जेवणाचं विचारलं. सकाळी अभ्यासिकेत जाताना चहा आणि क्रीमरोल, दुपारी मेसचा डबा अर्धामुर्धा, मग परत चहा, रात्री मॅगी. दूध-दही जवळजवळ बंदच.

अरे, मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसून असलो तरी शरीर खर्च करतं त्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. दिवसभर राज्यघटना आणि अर्थशास्त्र वाचणाऱ्या मुलानं क्रीमरोलवर दुपार गाठायची, हे मला पटत नाही.

मला खरी काळजी आहे ती बी-१२ ची. मज्जातंतूंवर एक आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते शाबूत राहायला हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की थकवा येतो, विसरायला होतं, मन उदास राहतं, हातापायांना मुंग्या येतात. माणूस स्वतःला आळशी म्हणत राहतो आणि कमतरता रक्तात असते. पालेभाजी, डाळ, कडधान्यं कितीही खाल्लीस तरी त्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. आपलं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, त्यात तू दूधही सोडलंस. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून कमतरता हळूहळू, नकळत येते. तुझी आजची अवस्था पुण्यात गेल्यावरचीच असेल असं नाही.

पुण्यात तू अंडं खायला लागलास हे मला ठाऊक आहे. खा. दादाची समजूत मी काढीन. नाहीतर रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही तरी पोटात जाऊ दे.

सकाळी क्रीमरोलऐवजी पोहे खा. चहा सोड असं मी म्हणणार नाही, पण पोह्यांबरोबर घेऊ नकोस. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि लोह घटलं की लक्ष लागत नाही. पोह्यांवर लिंबू पिळ, चहा तासाभरानं घे. रात्री ९ नंतर मात्र नको. त्यातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा अभ्यास गेलाच. खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेव. जवसाची चटणी कुरिअरनं पाठवते आहे.

केळं खाल्लं की मन प्रसन्न होतं, असले व्हिडिओ मात्र मनावर घेऊ नकोस. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचं स्वतः तयार करतो. एका पदार्थानं मन बदलत नाही, रोजच्या ताटानं फरक पडतो. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटानं नैराश्य असलेल्या ६७ जणांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींना १२ आठवडे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली भाज्या, फळं, कडधान्यं, मासे असा आहार दिला, बाकीच्यांना गप्पांची सोबत. आहार बदललेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जण नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले ८ टक्के. प्रयोग लहान होता आणि बहुतेकांचे उपचारही चालू होते. म्हणून नीट समजून घे: आहार उपचारांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही.

चांगलं जेवूनही दोन आठवडे मन असंच राहिलं, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर क्षणभरही लपवू नकोस. मानसोपचारतज्ज्ञाकडे मी स्वतः येईन तुझ्याबरोबर. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

सोमवारी सकाळी बी-१२ आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त देऊन ये. तोवर मित्राच्या सांगण्यावरून गोळ्या सुरू करू नकोस. त्या घेतल्यावर तपासणीतून खरं चित्र कळत नाही. रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखव आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
आत्या