उभ्या होड्यांची दफनभूमी

युरोप खंडाच्या मध्यभागी हंगेरी नावाचा एक लहानसा देश आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, तिसा नदीच्या परिसरात, सात्मारचेके नावाचे एक खेडे वसलेले आहे. ना तेथे भव्य राजवाडा, ना मोठी बाजारपेठ. तरीही दूरदूरचे प्रवासी वाट वाकडी करून या खेड्यात येतात. ते काय पाहण्यास येतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ते येथील दफनभूमी पाहण्यास येतात!

दफनभूमीत पाऊल टाकताच काळसर लाकडी खांबांच्या रांगा दृष्टीस पडतात. हिरव्या गवतात असे शेकडो खांब निःशब्द उभे आहेत. प्रत्येक खांबाचा आकार होडीसारखा आहे. जणू कोणी नदीतील होड्या काठावर आणून, त्यांची एक बाजू जमिनीत पुरून त्या उभ्या केल्या आहेत! येथील लोक ख्रिस्ती धर्माच्या रिफॉर्म्ड पंथाचे आहेत. थडग्यावर क्रूस न उभारता लाकडी खांब रोवण्याची चाल या पंथाच्या हंगेरियन खेड्यांत फार जुनी आहे. अशा खांबाला हंगेरियन भाषेत 'फेयफा' म्हणतात. 'फेय' म्हणजे डोके आणि 'फा' म्हणजे लाकूड. मृताच्या उशाशी रोवलेले लाकूड ते फेयफा.

हा खांब ओक वृक्षाच्या टणक लाकडाचा असतो. कारागीर कुऱ्हाडीने ओंडका तासून त्याला होडीचा आकार देतो. पुढील भाग सपाट करून त्यावर मृताचे नाव व काळ कोरतात. हंगेरीतील अशा खांबांवर पुष्कळदा पाच आद्याक्षरेही आढळतात. 'धन्य पुनरुत्थानाच्या आशेने' असा त्यांचा अर्थ आहे.

पण होडीचाच आकार का? कोणी सांगतात, पूर्वी तिसा नदीच्या पुराने हा सारा प्रदेश जलमय होत असे. तेव्हा प्रेत होडीतूनच न्यावे लागे, त्याची ही आठवण. तिसा नदीला आवर घालण्याचे मोठे काम 1846 मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी या भागात दलदल फार होती, हे खरेच आहे. दुसरे म्हणतात, हंगेरियन लोकांचे प्राचीन पूर्वज मृतांना होडीत ठेवून पुरत असत, त्या रीतीची ही खूण. या प्रश्नावर विद्वानांचे एकमत नाही. खांब मात्र आपले गूढ पोटात ठेवून उभे आहेत.

या काळसर खांबांच्या मेळाव्यात एक पांढरे, स्तंभयुक्त स्मारक उठून दिसते. तेथे फेरेन्ट्स कोल्चेई हा कवी चिरनिद्रा घेत आहे. त्याचा जन्म 1790 मध्ये झाला. बालपणीच देवीच्या रोगाने त्याचा एक डोळा गेला. तरीही त्याने देब्रेत्सेन येथील विद्यालयात मोठ्या निष्ठेने अध्ययन केले. 1815 मध्ये तो या खेड्यातील आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर राहावयास आला. येथेच 22 जानेवारी 1823 रोजी त्याने एक प्रार्थनागीत लिहून पुरे केले. 1844 मध्ये फेरेन्ट्स एर्केल या संगीतकाराने त्याला चाल दिली. तेच आज हंगेरीचे राष्ट्रगीत आहे. 1989 पासून 22 जानेवारी हा दिवस तेथे 'हंगेरियन संस्कृती दिन' म्हणून पाळला जातो.

परंतु कोल्चेई केवळ कवी नव्हता. त्या काळी हंगेरीतील बहुसंख्य शेतकरी भूदास होते. जमीनदाराच्या जमिनीवर त्यांना राबावे लागे, आणि ती जमीन त्यांच्या मालकीची नसे. कोल्चेई स्वतः जमीनदार घराण्यातला. तरीही 1832 मध्ये प्रतिनिधी म्हणून राष्ट्रसभेत गेल्यावर त्याने भूदासांच्या मुक्तीचा पक्ष घेतला. राज्यकारभारात लॅटिनऐवजी लोकांची हंगेरियन भाषा यावी, असाही आग्रह त्याने धरला. पुढे त्याच्या जिल्ह्यातील जमीनदारांनी भूदासांच्या मुक्तीला विरोध करण्याची आज्ञा त्याला दिली. त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रतिनिधीला जिल्ह्याची आज्ञा मोडता येत नसे. मनाविरुद्ध मत देण्यापेक्षा कोल्चेईने 1835 मध्ये आपले पद सोडले व तो गावी परतला.

24 ऑगस्ट 1838 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचे देहावसान झाले. त्याच्या दोन्ही इच्छा त्याच्या डोळ्यांदेखत सफळ झाल्या नाहीत. हंगेरियन ही राज्यकारभाराची भाषा 1844 मध्ये झाली. भूदासपद्धती 1848 मध्ये संपली. आज त्याच्या समाधीभोवती शेतकऱ्यांची थडगी आहेत, आणि त्यांच्या खांबांवरील अक्षरे त्यांच्याच मातृभाषेत कोरलेली आहेत. त्याच्या कार्याचे याहून सुंदर स्मारक कोणते असणार?

दगड दीर्घकाळ टिकतो. लाकूड तसे टिकत नाही. ओक कितीही टणक असला, तरी पाऊस व बर्फ सोसून त्याचे बूड अखेर कुजते, अक्षरे पुसट होतात आणि खांब कलतो. मग जिवंत माणसांना पुन्हा कुऱ्हाड हाती घ्यावी लागते, पुन्हा नाव कोरावे लागते. या गावात आजही नवे खांब त्याच जुन्या घडणीने घडवले जातात. म्हणूनच ती होड्यांची रांग मोडलेली नाही. पूर्वजांची आठवण एकदा कोरून भागत नाही. ती प्रत्येक पिढीने आपल्या हातांनी नव्याने कोरावी लागते.

स्वाध्याय

1. सात्मारचेके येथील खांबांच्या आकाराविषयी कोणत्या दोन समजुती आहेत?
2. कोल्चेईने आपले पद का सोडले? त्याच्या या कृतीविषयी तुमचे मत लिहा.
3. 'त्याच्या कार्याचे याहून सुंदर स्मारक कोणते असणार?' असे लेखकाने का म्हटले आहे?
4. वाक्यांत उपयोग करा : वाट वाकडी करणे, आवर घालणे, उठून दिसणे.