शब्दपरिचय : मुकादम



प्रवेश अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यातून येणाऱ्या अर्जांत तेथे ‘मुकादम’ हा शब्द आम्ही अनेकदा वाचला आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर तो कमी झाला. अलीकडे मुले तो खोडून ‘सुपरवायझर’ लिहितात. मुकादम म्हणजे मजुरांवर ओरडणारा माणूस, अशी त्यांची समजूत दिसते. म्हणून या अंकात या शब्दाची ओळख करून देत आहोत.

मूळ शब्द अरबी, ‘मुकद्दम’. अर्थ, पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. कदम म्हणजे पाऊल आणि कदीम म्हणजे प्राचीन, हे त्याच धातूचे. आमचे पदवीचे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे ‘मुकदमा’ हा शब्द आमच्या कानात अगोदर बसला होता. तोही याच कुळातला. (आपली ‘कदंब’ बस मात्र या घराण्यातली नव्हे! कदंब हे संस्कृतातले झाडाचे नाव.)

फारसी दरबारी भाषेतून हा शब्द मराठीत आला. आदिलशाही व शिवकालीन कागदपत्रांत ‘मोकदम’ म्हणजे गावाचा पाटील. सारा वसूल करून सरकारात भरणे हे त्याचे काम, आणि पीक बुडाले तर रयतेच्या वतीने सरकारापुढे उभे राहणे हेही त्याचेच. तो ‘पुढे’ असे खरा, पण कोणाकडे तोंड करून, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पोर्तुगीजांना हा शब्द दोन वाटांनी भेटला. त्यांच्या देशावर अरबांचे राज्य होते, त्या काळात तो ‘अल्मोकादेंम’ होऊन पायदळाचा नायक झाला. पुढे हिंदुस्थानात आल्यावर येथील मुकादमाला ते ‘मोकादांव’ म्हणू लागले. होडीवरचा किंवा मजुरांच्या टोळीचा प्रमुख, असा त्याचा अर्थ. बार्देशातील आसगाव येथे जन्मलेले कोशकार सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद (१८५५–१९२२) यांनी असे शब्द १९१९ व १९२१ साली दोन खंडांत छापलेल्या कोशात नोंदवून ठेवले. आपल्या शेजारच्या तालुक्यातील माणसाचे हे काम पालकांनी मुलांना जरूर सांगावे.

मुंबईच्या गिरण्यांत मुकादमाला ‘जॉबर’ म्हणत. कोकणातून गेलेल्या माणसाला तोच कामावर लावी, तोच काढी, आणि त्यासाठी दस्तुरीही घेई. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने नेमण्याचा व काढण्याचा हा अधिकार त्याच्या हातून काढावा, असे सुचवले. ऊसतोडीत मात्र मुकादम अजून भरभक्कम आहे. तो हंगामाआधी ‘उचल’ देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्यांना त्याच्याकडेच यावे लागते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तरी या उचलीपायी मुले शाळा सोडून आईबापांबरोबर फडावर जातात, याचे आम्हांस शिक्षक म्हणून फार वाईट वाटते.

तेव्हा मुलांची समजूत अगदीच निराधार नाही. परंतु पावसात उघड्यावर उभा राहून हजेरी चोख लिहिणारा, मजुराला इजा झाली तर स्वतः दवाखान्यात नेणारा मुकादमही याच शब्दात मावतो. त्याच्या मुलाने रकान्यात खाडाखोड करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ‘सुपरवायझर’चा अर्थ वरून पाहणारा एवढाच आहे, मुकादम निदान पुढे तरी उभा असतो.

जाता जाता, ‘मेस्त’ किंवा ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’ या शब्दापासून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’. इंग्रजी ‘मास्टर’ही तेथूनच निघाला आणि मराठीत ‘मास्तर’ झाला. म्हणजे शाळेची भिंत बांधणारा मिस्त्री आणि आत शिकवणारे आम्ही, शब्दाच्या नात्याने भाऊभाऊ.

इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारून शेत, खाण, होडी व बांधकाम यांवरील प्रमुखांना पेडणे-डिचोलीत काय म्हणत, ते लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे.