नंबराचा कागद पेशंटचा असतो

पोरी, आमच्या पिढीने आयुष्यभर डोळे तपासले ते नोंदणी क्रमांकाशिवाय. शिक्षण होतं, हात बसलेला होता, पण चुकलं तर जाब विचारणारं कुणी नव्हतं. मार्च 2021 मध्ये संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यावसायिकांचा कायदा मंजूर केला आणि ऑप्टोमेट्रिस्ट, ऑफ्थॅल्मिक असिस्टंट, व्हिजन टेक्निशियन ही नावं त्याच्या परिशिष्टात आली. वागणुकीचे नियम राष्ट्रीय आयोगाने ठरवायचे, राज्य परिषदेने ते पाळले जातात का ते बघायचं आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर नोंदवहीतून नाव काढायचं, अशी ती रचना आहे. नियम येतील, सुधारतील, पुन्हा सुधारतील. दरवेळी मूळ कागद स्वतः वाच. दुकानाचा मालक काय सांगतो त्यावर विसंबू नकोस; नोंदवहीत नाव तुझं आहे, त्याचं नाही.

सगळ्यात आधी नंबराचा कागद. तपासणी संपली की तो पेशंटच्या हातात द्यायचा, त्याने मागितला नाही तरी द्यायचा, आणि फ्रेम दाखवायच्या आधी द्यायचा. अमेरिकेत हा नियम 1978 पासून आहे. 2024 मध्ये तो आणखी कडक झाला. चष्मेही विकणाऱ्यांना आता कागद पोचल्याची पेशंटची सही घेऊन ती तीन वर्षं जपून ठेवावी लागते. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी तो कागद गल्ल्याखालीच राहतो, नाहीतर त्यावर दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाहीत अशा खुणा असतात. तू दोन्ही डोळ्यांचे नंबर, सिलिंडर असेल तर अ‍ॅक्सिस, जवळचा नंबर, चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह किती दिसतं ते, पीडी, तारीख, तुझं नाव आणि नोंदणी क्रमांक हे सगळं स्वच्छ अक्षरात लिही. पेशंट तो घेऊन समोरच्या दुकानात गेला तर जाऊ दे. तपासणीची फी मात्र वेगळी घे आणि न लाजता घे. ‘मोफत नेत्रतपासणी’च्या पाटीने आपल्या कामाची किंमत घालवली आहे. तपासणी फुकट दिली की तिचे पैसे काचेतून काढावे लागतात, आणि मग नंबर काढणाऱ्याच्याच डोक्यावर चष्मा खपवायचं ओझं येतं.

नोकरीच्या ठिकाणी महिन्याचं टार्गेट देतील. रुजू होण्याआधीच विचार की नंबर बदलला नाही असं मी सांगितलं तर चालेल का. पाव नंबराचा फरक आहे आणि माणूस जुन्या चष्म्यावर समाधानी आहे, तर ‘हाच वापरा’ म्हणून मोकळी हो. मधुमेह असलेल्याचा नंबर थोड्या दिवसांत बराच हलला, तर आधी साखर विचार. ती वरखाली होत असताना केलेला चष्मा पुढे निरुपयोगी ठरतो, म्हणून साखर स्थिर झाल्यावर या असं सांग. निळ्या प्रकाशाच्या कोटिंगचंही तेच. स्क्रीनमुळे होणारा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी कमी होतो याला भक्कम आधार नाही, असं 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात आलं. ब्रिटनमध्ये अशाच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिथल्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलने 2017 मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीला 40,000 पौंड दंड केला. कुणी मागितलं तर दे, पण ‘डोळे वाचतील’ हे वाक्य तुझ्या तोंडून जाता कामा नये.

आता पुढे पाठवण्याबद्दल, कारण इथे उशीर झाला तर दृष्टी जाते. अचानक विजा चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके वाढणं, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं. दिव्याभोवती रंगीत कडी, सोबत डोकं दुखणं आणि उलटी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल, दुखरा डोळा. लहान मुलाची पांढरी चमकणारी बाहुली. यातलं काहीही दिसलं तर नंबराच्या नादी लागू नकोस. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठव, चिठ्ठीत काय दिसलं आणि काय तपासलं ते लिही, आणि संध्याकाळी फोन करून पेशंट पोचला का ते विचार. पाठवल्याबद्दल कुणाकडून पाकीट घ्यायचं नाही.

अंधाऱ्या खोलीत आपण माणसाच्या चेहऱ्याजवळ जातो, हे आपल्याला सवयीचं असतं, त्याला नसतं. पापणीला हात लावण्याआधी सांग, ‘आता जवळ येते’ म्हण. मूल असेल तर आईबाप खोलीतच बसू देत. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास अंधुक दिसेल, गाडी चालवू नका, हे थेंब घालण्याआधी सांगायचं असतं.

पेशंटच्या डोळ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून ‘ओळखा पाहू’ खेळायचं नाही. सल्ला हवा असेल तर पेशंटची परवानगी घेऊन, नाव झाकून, एकाच जाणत्या माणसाला पाठव. यंत्रांचंही भान ठेव. ऑटोरेफचा आकडा म्हणजे कच्चा नंबर. लहान मुलांत तर तो हमखास फसवतो, तिथे रेटिनोस्कोप हातात घे. पडद्याचा फोटो वाचणारी संगणकप्रणाली आली म्हणून निर्णयाची जबाबदारी तिच्यावर जात नाही. ब्रिटनच्या कौन्सिलने 1 जानेवारी 2025 पासून लागू केलेल्या नव्या मानकांत कृत्रिम बुद्धिमत्तेसारखं डिजिटल तंत्र वापरताना आपला विवेक कसा राखायचा ते घातलं आहे, सहकाऱ्यांशी आणि पेशंटशी वागताना मर्यादा कुठे आहे तेही स्पष्ट केलं आहे. ते वाचून ठेव, आपल्याकडेही हे प्रश्न आलेलेच आहेत.

आणि एक काम तुमच्या पिढीने करायलाच हवं. आपल्या आचारसंहितेचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला की गप्प बसू नका. नंबराचा कागद मागितल्याशिवाय द्यावा, तपासणीची फी बिलात वेगळी दाखवावी, ऑप्टोमेट्रिस्टच्या पगाराला विक्रीचं टार्गेट जोडू नये, या तीन गोष्टी त्यात असाव्यात म्हणून आपापल्या नावानिशी लेखी सूचना पाठवा.